वेबसाइट कुठल्या मोहल्ल्यात बांधायची?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ऑफिसात चार माणसं, एक प्रिंटर आणि दिवसातून पाच वेळा चहा असला की ते आपोआप साचतात, कॉम्प्युटरवर 'न्यू फोल्डर' साचतात तसे. कधीतरी सहज एखादा उघडून बघावा तर आत भलतंच काहीतरी सापडतं, आणि आपण कामधाम सोडून हसत बसतो. आमच्या ऑफिसातला 'वेबसाइट' नावाचा फोल्डर असाच आहे. तो मी इतक्यांदा सांगितलाय की माझा नवरा पाहुण्यांसमोर आता माझ्याआधी हसतो!

आमचं ऑफिस चेरीतालला, एका आटाचक्कीच्या वर, पहिल्या मजल्यावर. कामं म्हणजे लेबलं, पाकिटं, लग्नपत्रिका, दुकानांचे बोर्ड. मालक मुकुंदभैया. त्यांच्या पाच-सहा पिढ्या जबलपुरातच गेल्या, त्यामुळे मराठी बोलायला लागले की तिसऱ्या वाक्याला हिंदीत शिरतात आणि सहाव्याला परत येतात. ईशा ही चोवीस वर्षांची डिझायनर. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलताना धाप लागते. मी स्मिता, नागपूरची, नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे इकडे आले. माझं काम गिऱ्हाइकांना तारखा देणं, आणि त्या तारखा का चुकल्या ते नंतर समजावून सांगणं.

चौथे वझेकाका. वय सहासष्ट. एका फॅक्टरीच्या ड्रॉइंग सेक्शनमधून निवृत्त झाले, पण गावात त्यांची ओळख वेगळीच. जबलपुरातल्या मराठी घरांच्या गेटवर नावाची पाटी दिसली की ती बहुतेक वेळा काकांच्या हातची असते. संगमरवरावर, पत्र्यावर, लाकडावर, कुठेही. चाळीस वर्षं ब्रश चालवलाय माणसाने. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे लेबलांवरची अक्षरं काढायला येऊ लागले आणि खिडकीजवळची खुर्ची त्यांची झाली.

गेल्या वर्षापासून त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटलाय. आधी चहाचा कप बशीत वाजायला लागला, मग ब्रश कागदावर. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. आता काका डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून अक्षर काढतात. वेळ पूर्वीच्या चौपट लागतो, पण अक्षर तेच!

एक दिवस ईशाने त्यांना फोनवर एक जाहिरात दाखवली. पुण्याच्या एका डिझाइन कॉलेजला देवनागरी अक्षरं शिकवायला पाहुणे शिक्षक हवे होते, दोन महिन्यांसाठी. डिग्रीची अट नाही, वयाची नाही. अट एकच: स्वतःच्या कामाची वेबसाइट हवी, आणि ऑनलाइन मुलाखतीत ती उघडून दाखवायची. मुलाखतीला महिनाभर होता. काकांनी चष्मा लावून जाहिरात दोनदा वाचली.

"इथे तर शिकायला कोणी येत नाही," ते म्हणाले. "हात थांबायच्या आत पाच-दहा पोरांना देऊन टाकलं असतं."

मला रडूच आलं असतं, पण तेवढ्यात मुकुंदभैयांनी मीटिंग बोलावली.

*

मीटिंगचा विषय: काकांची वेबसाइट कुठल्या प्लॅटफॉर्मवर बनवायची. ईशाने पांढऱ्या फळ्यावर चार नावं लिहिली. चारही इंग्रजी, आणि चारही ऐकायला सारखीच.

"हे नाही चालत," मुकुंदभैया म्हणाले. "एक नाव लक्षात नाही राहून राहिलं. आपल्या भाषेत सांग ना!"

ईशाने पहिल्या नावाखाली रेघ मारली. "अच्छा. हा पहिला म्हणजे सरकारी क्वार्टर समझो. सगळं रेडी. आपण फक्त सामान न्यायचं. पण दीवार नहीं हिला सकते."

"दुसरा?"

"दुसरा म्हणजे आपला जुना मोहल्ला, गढा. जिथे पाहिजे तिथे, जे पाहिजे ते लावा. दुकान के ऊपर घर, घर के ऊपर दुकान. पण एक चीज़ हलवली की तिसऱ्या गल्लीतला नळ बंद."

"तिसरा?"

"खाली प्लॉट. कोड आपणच लिहायचा. ईंट भी आपकी, मिस्त्री भी आप. और चौथा है मेला. सगळे डिझायनर तिथे ठेला लावून बसलेत. भीड़ खूप, पण आपला ठेला लोकांना सापडला पाहिजे."

बस्स. यानंतर तासभर जी चर्चा झाली ती वेबसाइटची राहिलीच नाही. मुकुंदभैया म्हणाले, गढा नको, तिथे माझं सासर आहे. मी म्हटलं, क्वार्टर बरं, शेजार चांगला असतो. ईशा मोकळ्या प्लॉटच्या प्रेमात होती, पण विटा रचता येतात का विचारल्यावर तिनेच तो फळ्यावरून पुसला. काकांनी मेळा एका वाक्यात निकालात काढला. "मी ठेला लावणार नाही," म्हणाले.

शेवटी राहिले दोनच, गढा आणि क्वार्टर. तिघेही काकांच्या तोंडाकडे बघत होतो. काकांनी फळ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "ते सगळं ठीक. पण दोन्ही वेळ पाणी कुठे येतं?"

मग मुकुंदभैयांनी जाहीर केलं, "दोन्हीकडे पंधरा-पंधरा दिवस राहून बघू. ट्रायल फुकट आहे!"

*

आधी गढा. तिथे सगळं माऊसने उचलायचं आणि पाहिजे तिथे नेऊन ठेवायचं. अगदी सोपं, पण ज्यांच्या ऑफिसखाली चक्की नाही त्यांना!

चक्की चालू झाली की आमचं टेबल थरथरतं. इतकी वर्षं कुणाला काही वाटलं नाही, कारण टेबलावर आम्ही चहा प्यायचो. पण आता ईशा पाटीचा फोटो उचलून वर नेई, सोडायच्या क्षणी टेबल हाले, आणि फोटो भलत्याच खणात जाऊन बसे. एकदा तर अख्खा मथळा फोन नंबरच्या खाली जाऊन लपला. आम्ही तो अर्धा तास शोधत होतो.

चार दिवसांत ईशा तयार झाली. खालून येणाऱ्या हादऱ्यावरून तिला दळण ओळखता येऊ लागलं. गहू असेल तर काम चालू. ज्वारी असेल तर फक्त मजकूर. आणि मध्येच हात वर करून ओरडायची, "रुको रुको! चना चल रहा है, कोणी सेव्ह नका करू!"

एकदा एका गिऱ्हाइकाचा फोन आला, डिझाइन कधी मिळेल म्हणून. मी खिडकीतून खाली डोकावले. डबे घेऊन सात बायका रांगेत उभ्या होत्या. "चार वाजेपर्यंत," मी म्हटलं, "पण रांगेत बेसनवाले निघाले तर उद्या."

*

काका ड्राफ्ट्समन. कुठलंही ड्रॉइंग समोर आलं की आधी फूटपट्टी, मग मत. ईशाने पहिलं पान दाखवलं तेव्हा त्यांनी स्टीलची फूटपट्टी काढून सरळ मॉनिटरला लावली.

"डावा समास बारा मिलिमीटर. उजवा बारा. ठीक."

मग ईशाने तेच पान स्वतःच्या फोनवर दाखवलं. काकांनी फूटपट्टी फोनला लावली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"तीन! ईशा, नऊ मिलिमीटर कुठे गेले?"

"काका, फोन छोटा है ना. तो सब अपने आप एडजस्ट होता है."

"काहून? लहान गेटवर लावली म्हणून पाटी आक्रसते का?" काका खरंच चिडले. "एडजस्ट सुना करतात. समास नाही."

"काका," मी म्हटलं, "सुनाही नाही करत आता."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. फूटपट्टीकडे पाहिलं. ती हळूच खिशात ठेवली.

"मग तीन चालतील," म्हणाले.

*

आता पाट्यांचे फोटो. काकांचं सगळं काम लोकांच्या गेटांवर, म्हणजे आम्हीच दारोदार जाणं आलं. एका रविवारी सकाळी मी आणि ईशा तिच्या स्कूटीवरून निघालो.

पहिलं घर गढ्यातलं, म्हणजे खऱ्या गढ्यातलं. "पाटीचा फोटो?" तिथले गृहस्थ म्हणाले. "अहो, मग आम्हीही उभे राहतो की!" आणि राहिले. नऊ जण! आजोबांना आतून कोट आणून घातला, सून साडी बदलून आली, नातवाचे केस ओले करून भांग पाडला. सगळे पाटीसमोर ओळीने उभे. नाही कसं म्हणणार? वर पोहे खाऊ घातले.

आम्ही निघालो तशी त्या घरातून पुढच्या घरी बातमी गेली, "फोटोवाले येऊन राहिले!" मराठी घरं मोजकी, आणि सगळ्यांचे फोन नंबर सगळ्यांकडे. दुसऱ्या घरी पोचलो तर मंडळी आधीच गेटवर नटून उभी. कांचघर मोहल्ल्यात एकांनी शेजारच्या गल्लीतून मोठ्या बहिणीला बोलावून घेतलं होतं, तिची पाटी वेगळी असूनही! चौदा घरं झाली. चौदा वेळा चहा झाला. परत येताना स्कूटीवर दोघींनाही बसवत नव्हतं.

सोमवारी काकांनी एकेक फोटो शांतपणे पाहिला. सगळे संपल्यावर चष्मा काढला.

"सगळ्यांच्या तब्येती बऱ्या दिसताहेत," ते म्हणाले. "जोशांची मुलगी हुबेहूब आईवर गेलीय. छान. पण अक्षरं कुठे आहेत?"

मग मी आणि ईशा मंगळवारी भर दुपारी पुन्हा गेलो, सगळे जेवून झोपलेले असताना, चोरासारख्या! त्यात कांचघरचा एक कुत्रा जागा होता. ती पाटी थोडी हललेली आली आहे.

*

गढ्याने आमचे हाल केल्यावर दसऱ्यानंतरच्या सोमवारी आम्ही क्वार्टरमध्ये राहायला गेलो. लॉगिन मुकुंदभैयांनी करून ठेवला होता. ईशाने फक्त सामान लावायचं होतं.

तिथे एक बटण होतं. ते दाबलं की कॉम्प्युटर तुमची ओळख स्वतःच लिहून देतो. ईशाने काकांचं नाव आणि काम टाकून बटण दाबलं, आणि आलेला मजकूर मराठीत करून मोठ्याने वाचला: "मी एक उत्कट दृश्य-कथाकार असून अक्षरांच्या माध्यमातून ब्रँडच्या आत्म्याशी संवाद साधतो. प्रत्येक रेषा हा माझ्यासाठी एक प्रवास आहे."

मुकुंदभैयांना भरूनच आलं. "क्या बात है! एकदम प्रोफेशनल!"

काकांनीही मन लावून ऐकलं.

"माणूस चांगला वाटतो," ते म्हणाले. "त्यालाच पाठवा पुण्याला."

मग कागद ओढला, मनगट धरलं आणि स्वतःची ओळख स्वतः लिहिली: 'पाट्या लिहितो. नाव अशुद्ध असल्यास आधी सांगतो.' ईशाने तीच टाकली.

*

क्वार्टरमध्ये सामान आधीचंच असतं, हे ईशाने सांगितलं होतं. पण भिंतीवर आधीच्या भाडेकरूचा फोटो असेल, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

'माझ्याविषयी' या पानावर नमुन्याचा एक फोटो होता. गोरा माणूस, तांबूस दाढी, हातात कॉफी, नजर दूर कुठेतरी. ईशा तो बदलणार होती, पण दाढी केल्याशिवाय काका फोटो काढू देईनात, आणि जुना धड मिळेना. त्यांच्याकडे एकच फोटो, तोही फॅक्टरीच्या ओळखपत्रावरचा. तोवर तिने फोटोखाली नाव टाकून ठेवलं, 'दत्तात्रय वझे'. आणि मुकुंदभैयांनी त्याच दिवशी कौतुकाने लिंक सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवून दिली!

दुसऱ्या दिवशी कांचघरचे पापडवाले गुप्ताजी हजर. नवीन गिऱ्हाईक, मोठं काम. आत येताच म्हणाले, "मुकुंद भैया, आपने तो बताया ही नहीं! हमें वझे साहब से ही काम करवाना है. हैं कहाँ?"

वझे साहब खिडकीपाशी बसून पेरू कापत होते.

मुकुंदभैयांच्या कपाळावर घाम. खरं सांगावं तर काम जातं, खोटं सांगावं तर काका समोर. ते एकदम म्हणाले, "वझे साहब तो... भोपाल गए हैं. मीटिंग में."

मी काकांकडे बघितलं. काकांनी पेरूची फोड तोंडात टाकली, चावली, आणि शांतपणे म्हणाले, "क्या काम था? बता दीजिए, मैं उनको बोल दूँगा."

गुप्ताजींनी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. मुगाचा पापड, हिंगाचा वास, आजीच्या काळची कृती. काका ऐकत गेले. मग कागद घेतला, डाव्या हाताने मनगट धरलं आणि पापडाचं नाव कच्चं काढून दाखवलं. गुप्ताजींनी कागद लांब धरून बघितला.

"ठीक है," ते म्हणाले. "आपका हाथ भी अच्छा है चाचा. पर फ़ाइनल वझे साहब ही करेंगे, इतना लिख लीजिए."

काकांनी लिहून घेतलं!

तीन दिवसांनी तेच अक्षर, तसंच्या तसं, फक्त पक्क्या शाईत गुप्ताजींपुढे ठेवलं. त्यांनी ते उजेडात धरलं. बोट फिरवलं. डोळे मिटून मान डोलावली.

"देखा चाचा?" ते काकांना म्हणाले. "ये फ़र्क़ होता है. आप भी सीखते रहिए उनसे."

"कोशिश कर रहा हूँ," काका म्हणाले.

ईशाने त्याच दुपारी काकांचा खिडकीतला फोटो काढून गोऱ्याला रजा दिली. गुप्ताजींना अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

*

एक लहानसा किस्सा, पण माझा आवडता.

वेबसाइटवर 'संपर्क' नावाचं पान असतं. तिथे कुणी काही लिहिलं की आमच्या कॉम्प्युटरवर टिंग वाजणार, असं ईशाने करून ठेवलं होतं. पाच दिवस काहीच वाजलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी टिंग!

आम्ही सगळे धावलो. काकाही उठले. मुकुंदभैयांनी देवाच्या फोटोला हात जोडले. "वाच," ते ईशाला म्हणाले, "मोठ्याने वाच."

ईशाने वाचलं. "नाव: सुनंदा. विषय: अर्जंट. संदेश: फोन काहून नाही उचलून राहिले? येताना कोथिंबीर आणा."

सुनंदावहिनी म्हणजे मुकुंदभैयांच्या पत्नी.

काका खुर्चीत परत बसले. "वेबसाइट चालते आहे," म्हणाले.

*

आणि मग मुलाखतीचा शुक्रवार.

वेळ सकाळी अकराची. काका इस्त्रीचा सदरा घालून साडेनऊलाच आले. खालच्या चक्कीवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काका का इंटरव्यू है? फिर तो बंद," आणि रांगेतल्या बायकांना त्याने परस्पर बारा वाजता यायला सांगितलं. ईशाने लॅपटॉप लावला. मी काकांसमोर पाणी ठेवलं.

पडद्यावर तिघं आले. दोन पुरुष आणि मध्ये एक पांढऱ्या केसांच्या बाई. नमस्कार-चमत्कार झाले. बाई म्हणाल्या, "काका, तुमची वेबसाइट उघडा ना."

ईशाने लिंक दाबली. पडदा करडा झाला. मधोमध इंग्रजीत दोन ओळी आल्या: ट्रायल संपली आहे, पुढे चालू ठेवायचं असेल तर प्लॅन घ्या.

ईशा पांढरीफटक पडली. "असं कसं? पिछले हफ़्ते मंडे को शुरू किया था! पंधरातले अजून तीन दिवस आहेत!"

मागून मुकुंदभैयांचा आवाज आला, अगदी बारीक. "ते बटण मी दसऱ्यालाच दाबून ठेवलं होतं."

"काहून?" मी ओरडलेच.

"मुहूर्त चांगला होता ना, स्मिता! साडेतीन मुहूर्तांतला एक. नवीन काम रिकाम्या दिवशी कसं सुरू करणार? नारळ फोडला, बटण दाबलं, बंद करून ठेवलं."

नंतर बघितलं तर ट्रायल संपत आल्याचे पाच ईमेल त्यांच्याकडे न उघडता पडून होते. तेव्हा मात्र एवढंच सुचलं, की लगेच प्लॅन घेऊ. ईशाने मुकुंदभैयांच्या कार्डाचा नंबर टाकला. ओटीपी सुनंदावहिनींच्या फोनवर. वहिनी नर्मदेच्या दर्शनाला ग्वारीघाटावर. फोन घरी, चार्जिंगला. मुकुंदभैया पुन्हा पुन्हा रिंग देत राहिले आणि रिकाम्या घरात फोन वाजत राहिला.

पडद्यावरच्या बाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं. बाई म्हणाल्या, "असू दे काका. समोर कागद-ब्रश आहे ना? कुठलंही एक अक्षर काढून दाखवा. आम्हाला तेवढं पुरे."

मी चटकन शाईची बाटली काकांपुढे सरकवली.

काकांनी ब्रश घेतला, शाईत बुडवला. डाव्या हाताने मनगट धरलं. पण त्या दिवशी मनगट धरलेला हातही थरथरत होता. ब्रश कागदाला टेकला आणि रेघ फाटत गेली. काकांनी तो कागद बाजूला ठेवला. दुसरा घेतला. तीच गत. मी तिसरा कागद पुढे केला.

"एक मिनिट हं," काका कॅमेऱ्याला म्हणाले.

ईशा समजून पुढे झाली. कॉलेजात शिकलेली मुलगी, हात उत्तम, काकांनी सांगायचा अवकाश होता.

"तू नको," काका म्हणाले. "तुला येतं. मुकुंद, इकडे ये."

मुकुंदभैया! आता हे सांगितलं पाहिजे, की डिझाइनचं ऑफिस चालवणाऱ्या या माणसाला आयुष्यात सरळ रेघ जमलेली नाही. बँकेत त्यांची सही जुळत नाही म्हणून मॅनेजर त्यांना चेहऱ्यावरून ओळखतो. गाडीच्या पूजेला त्यांनी काढलेलं स्वस्तिक वहिनी पुसून पुन्हा काढतात.

"मी? काका, मजाक मत करो. मला काही नाही येत!"

"माहीत आहे. बस."

ते बसले. काकांनी ब्रश त्यांच्या हातात दिला.

"आपण ळ काढू. इथे हिंदीत हे अक्षर नाही, त्यामुळे हाताला वाईट सवयी नाहीत. इतका घट्ट धरू नको, पळून नाही जाणार तो. हं. डावीकडून सुरू कर."

पहिला ळ जिलबीसारखा झाला. पडद्यावरच्या एका गृहस्थाने तोंडावर हात धरला.

"छान," काका म्हणाले. "आता सांग, गढ्याच्या गल्लीत स्कूटर वळवतो तेव्हा हँडलकडे बघतो का?"

"नाही."

"मग कुठे?"

"जिकडे जायचं तिकडे."

"मग आता ब्रशच्या टोकाकडे काहून बघून राहिला? जिथे जायचं तिथे बघ. मनगट नको, खांदा हलव. वळणावर ब्रेक नाही दाबायचा, नुसता वेग सोडायचा."

दुसरा ळ उभा राहिला, पण एका बाजूला कलला. काकांनी त्यावर बोटाने नुसती जागा दाखवली. काही रागावले नाहीत, काही दुरुस्त केलं नाही.

"उजवं पोट जरा मोठं. जेवलेला माणूस बसतो तसं बसव. वरची रेघ शेवटी. आधी माणसं बसू दे, मग छप्पर घाल. श्वास सोड. चलो."

मुकुंदभैयांनी श्वास सोडला. जीभ दातांत धरून, डोळे पुढच्या वळणावर ठेवून त्यांनी ब्रश नेला. डावा गोल. उजवा गोल, भरलेला. वर रेघ.

कागदावर ळ होता. कुणाच्याही गेटवर लावावा असा.

मुकुंदभैया त्याच्याकडे असे बघत राहिले जणू तो दुसऱ्याच कुणीतरी तिथे आणून ठेवलाय. ईशाने कागद उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. बाई पुढे झुकल्या. चष्मा वर केला.

"सुंदर," त्या म्हणाल्या. "पहिला ळ मुद्दाम बिघडवला होता ना? हे तुमचे विद्यार्थीच असणार. किती वर्षं शिकताहेत तुमच्याकडे?"

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बारा मिनिटं झाली," ते म्हणाले. "हे आमचे मालक आहेत."